मांडवाशिवाय वाजंत्री

१९७८ साली न्यूयॉर्कमध्ये बाल्कन आर्ट्स सेंटर या संस्थेनं एक मैफल भरवली. वाजवणारा होता डेव्ह टॅरास, ऐंशी ओलांडलेला क्लॅरिनेटवादक. १९२१ मध्ये तो युक्रेनमधून या शहरात आला, सुरुवातीला फरच्या कारखान्यात राबला आणि मग काही दशकं ज्यू लग्नांत, नाटकांत, रेडिओवर आणि तबकड्यांवर वाजवत राहिला. ज्या शहरानं त्याला इतकी वर्षं ऐकलं, त्याच शहरात सत्तरच्या दशकात त्याला शोधून काढावं लागलं. शोधणारे दोघे तरुण होते, अँडी स्टॅटमन आणि झेव्ह फेल्डमन. स्टॅटमन तोवर मॅन्डोलिनवर अमेरिकी ब्लूग्रास वाजवायचा. त्यानं टॅरासकडे बसून शिकायला सुरुवात केली आणि पुढे म्हाताऱ्यानं आपली क्लॅरिनेट्स त्याच्या हवाली केली. क्लेझमर संगीताचं न्यूयॉर्कमधलं पुनरुज्जीवन या सुमारास सुरू झालं असं मानतात.

या पुनरुज्जीवनाची गोष्ट नेहमी एकाच पद्धतीनं सांगितली जाते. गावाकडून एक अस्सल संगीत बोटीतून आलं, महानगराच्या गर्दीत विरून गेलं आणि नातवंडांनी ते वाचवलं. ही गोष्ट मन हेलावते म्हणून टिकली आहे, पण ती बरीचशी चुकीची आहे. क्लेझमरच नव्हे, मोठ्या शहरात स्थलांतरितांनी वाजवलेल्या बहुतेक संगीताबद्दल आपण असाच विचार करतो. त्यामुळे ते जपायचं ठरवलं की आपले हात नको त्या वस्तूकडे जातात. आपण चाली जपायला धावतो. या चालींना जिवंत ठेवणारे प्रसंग मात्र, म्हणजे लग्नं, नाच, गावकऱ्यांचे मेळावे आणि त्यांना लागणारी जागा, डोळ्यांदेखत जाऊ देतो.

क्लेझमर म्हणजे पूर्व युरोपातल्या यिडिशभाषक ज्यूंचं लग्नाचं संगीत. व्हायोलिन, बासरी, संतूरच्या कुळातलं त्सिम्बल, खर्जासाठी मोठं तंतुवाद्य आणि एकोणिसाव्या शतकात येऊन मिळालेलं क्लॅरिनेट असा ताफा असे. सोबत बादखन असे. तो यमक जुळवत नवरीला संसाराची जाणीव द्यायचा, मंडळींना रडवायचा आणि मग हसवायचा. वाजवणाऱ्यांची घराणी असत, कला बापाकडून मुलाकडे जाई. त्यांचं समाजातलं स्थान मराठी वाचकाला लगेच उमगेल: त्यांच्यावाचून लग्न लागत नसे आणि प्रतिष्ठित घरं त्यांच्याशी सोयरीक करायला राजी नसत.

या संगीताची एक आवडती स्वरमाला फ्रेगिश नावानं ओळखली जाते. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. पूर्वांगात भैरव आणि उत्तरांगात भैरवी. आपल्याकडे ज्यानं बसंत मुखारी ऐकला आहे त्याला हे स्वर परके वाटणार नाहीत. त्यावर क्लॅरिनेट मधूनच हुंदका दिल्यासारखं तुटतं. हा हुंदका प्रार्थनामंदिरातल्या गायकाच्या गळ्यातून वाद्यात उतरला आहे. पण बाकीचं? दोइना ही तालाबाहेरची, रेंगाळत जाणारी आळवणी रुमानियन मेंढपाळांकडून घेतलेली. बुल्गार हा नाच बेसारबियाचा. ज्यू वादक रोमा वादकांबरोबर वाजवत, युक्रेनी शेतकऱ्यांच्या आणि पोलिश जमीनदारांच्या समारंभांत जात, त्यांच्या चाली घेऊन परतत. म्हणजे ज्या गावाला आपण शुद्धतेचा उगम समजतो, तिथेच हे संगीत चार शेजाऱ्यांच्या अंगणात वाढलेलं होतं.

१८८१ मध्ये रशियाच्या झारची हत्या झाली आणि त्यानंतर ज्यूंवर हल्ल्यांची लाट उसळली. तिथून १९२४ च्या कायद्यानं अमेरिकेचं दार जवळजवळ बंद होईपर्यंत वीस लाखांच्या आसपास ज्यू पूर्व युरोपातून अमेरिकेत आले. त्यांतले असंख्य न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, दाटीवाटीच्या खोल्यांत राहिले. एका गावचे लोक एकत्र येऊन मंडळं काढत. आजारपणात मदत, मयताला दफनाची जागा आणि वर्षातून एकदा नाचाचा मोठा कार्यक्रम. वाजंत्र्यांना काम इथून मिळे.

आता या शहरात नेमकं काय घडलं ते पाहावं. गॅलिशियातल्या मुलीचं लग्न बेसारबियातल्या मुलाशी होऊ लागलं. मांडवात निम्म्या पाहुण्यांना एक नाच येई, निम्म्यांना दुसरा. ताफ्यातले वादकही वेगवेगळ्या प्रांतांतले. सर्वांना चालेल असं काहीतरी लागतं, आणि ते बुल्गारच्या रूपानं सापडलं. युरोपात एका प्रांतापुरता असलेला हा नाच न्यूयॉर्कमध्ये हळूहळू क्लेझमरचा मुख्य ऐवज झाला. फेल्डमननंच पुढे यावर बारकाईनं संशोधन केलं. दुसरीकडे लग्न घरातून आणि गावाच्या रस्त्यावरून निघून भाड्याच्या हॉलमध्ये गेलं, तासांच्या हिशेबात बसलं. नवरीला बसवण्याचं संगीत, पाहुण्यांना रस्त्यानं घरी पोचवण्याचं संगीत, जेवणाच्या पंगतीत ऐकण्याचं संथ संगीत, या सगळ्याला जागाच उरली नाही. राहिला तो नाच. तिसरी गोष्ट तबकडीची. कोलंबिया आणि व्हिक्टर या कंपन्यांना ग्रामोफोन विकायचे होते आणि स्थलांतरित ते विकत घ्यायचे ते आपल्या भाषेतलं गाणं ऐकायला मिळालं तरच. म्हणून या कंपन्यांनी यिडिश, ग्रीक, पोलिश, आयरिश, अशा कितीतरी लोकांचं संगीत मुद्रित केलं. तीन-साडेतीन मिनिटांत बसेल तेवढंच. आपल्या गायकांनी ख्यालाचं जे केलं तेच टॅरास आणि नाफ्तुले ब्रँडवाइन या क्लॅरिनेटवादकांनी दोइनाचं केलं. ती आटली, धारदार झाली.

तेव्हा नातवंडांनी पन्नास वर्षांनी जुन्या तबकड्यांवर जे ‘गावाकडचं’ संगीत ऐकलं, ते न्यूयॉर्कचं होतं. त्याची लांबी, वेग, वाद्यं, नाचांची निवड, सगळ्यावर या शहराच्या पोटापाण्याची मोहर होती. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो फक्त ज्यूंपुरता नाही. आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातला मायकल कोलमन हा फिडलवादक १९१४ मध्ये अमेरिकेला आला. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या त्याच्या तबकड्या बोटीनं मायदेशी गेल्या आणि तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या वादकांनी त्या इतक्या गिरवल्या की कितीतरी ठिकाणची स्थानिक वळणं मागे पडली. आज आयरिश पारंपरिक फिडल म्हणून जे ऐकू येतं त्यावर स्थलांतरिताच्या या शहरी वादनाची दाट छाया आहे. परंपरा गावातून शहरात येते एवढंच आपण पाहतो. ती शहरात घडून गावाला परत जाते हे पाहायचं राहून जातं.

मुंबईनंही हे केलेलं आहे. गोव्याची ओळख मानला जाणारा तियात्र हा गाण्यांनी भरलेला नाट्यप्रकार गोव्यात जन्मला नाही. १७ एप्रिल १८९२ रोजी लुकाझिन रिबेरो आणि त्याच्या साथीदारांनी ‘इटालियन भुरगो’ हा पहिला तियात्र रंगवला तो मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात, पोटासाठी आलेल्या गोवेकरांपुढे. धोबीतलाव, माझगाव या भागांत गावागावांचे कूड, म्हणजे सामायिक निवास, होते. बोटीवर नोकरी करणारा खलाशी, आचारी, बँडमध्ये वाजवणारा पोरगा, सगळे आपल्या गावाच्या कुडात उतरत, संताचा सण साजरा करत. न्यूयॉर्कच्या ज्यू गावमंडळांशी हे साम्य वरवरचं नाही. दोन्हीकडे परक्या शहरात एका गावची माणसं एका छपराखाली आली, आणि त्या छपराखाली गावातही नव्हतं असं काहीतरी तयार झालं.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी ब्रँडवाइनची एक तबकडी जरूर ऐकावी. १९२४ मधली, नाव ‘अमेरिकेतला तुर्क’ अशा अर्थाचं. तिची चाल तुर्कस्तानात ‘क्यातिबिम’ म्हणून प्रसिद्ध आहे. हीच चाल ग्रीक, अरब, सर्ब, बोस्नियन, बल्गेरियन आपापली समजतात; आदेला पेएवा या दिग्दर्शिकेनं हे गाणं नक्की कोणाचं, या प्रश्नावर बाल्कन देशांत हिंडून एक अख्खा माहितीपट केला आणि ठिकठिकाणी लोक हमरीतुमरीवर आले. न्यूयॉर्कमध्ये यावर भांडण झालं नाही. तिथल्या आठव्या अव्हेन्यूच्या परिसरातल्या रात्रीच्या जागांत ग्रीक, आर्मेनियन, तुर्क, अरब, ज्यू वादक एकमेकांच्या साथीला बसत. मारिका पापागिका या ग्रीक गायिकेनं १९२५ च्या सुमारास तिथंच जवळ स्वतःची जागा उघडली होती. मागे राहिलेल्या देशांत ग्रीक आणि तुर्क एकमेकांची गावं जाळून नुकतेच वेगळे झाले होते. इथे त्यांचं गिऱ्हाईक एक होतं, उपजीविका एक होती, आणि चाल तर कायमच एक होती.

मग क्लेझमर मागे का पडलं? सोपं उत्तर दिलं जातं की पोरं अमेरिकन झाली, जॅझ ऐकू लागली. पण चाली तर जॅझमध्येही गेल्या आणि तिथे चांगल्या नांदल्या. शोलोम सेकुंडानं १९३२ मध्ये एका यिडिश संगीतिकेसाठी ‘बाय मिर बिस्तू शेन’ हे गाणं बांधलं. १९३७ मध्ये त्याचे हक्क तीस डॉलरला विकले गेले आणि लगेच अँड्र्यूज सिस्टर्स या मिनियापोलिसच्या तीन बहिणींनी ते इंग्रजीत गाऊन देशभर गाजवलं. बेनी गुडमनच्या जॅझ ताफ्यातल्या झिगी एल्मननं जुनी बुल्गारची चाल घेऊन तिचं स्विंगचं गाणं केलं, तेही १९३९ मध्ये खूप खपलं. चाली मरत नाहीत. मेलं ते लग्न. दुसऱ्या महायुद्धात साठ लाख ज्यू मारले गेले, त्यांतले बहुतांश यिडिश बोलणारे होते. नवे वादक, नवे पाहुणे, नव्या वधू येण्याचा झराच आटला. १९४८ नंतर समारंभात इस्रायलची हिब्रू गाणी मानाची झाली. कुटुंबं लोअर ईस्ट साइड आणि ब्रॉन्क्स सोडून उपनगरांत विखुरली, गावमंडळांचे वार्षिक नाच ओस पडले. १९५० च्या दशकात टॅरासनं जावई सॅम म्युझिकरबरोबर ‘टान्झ!’ ही तबकडी काढली. जुनं क्लेझमर आणि नवं जॅझ यांचा इतका जाणकार मेळ क्वचितच झाला असेल. ती विकली गेली नाही. संगीतात उणं काही नव्हतं. त्यावर नाचण्याचा प्रसंग ज्यांच्याकडे होता ते लोक उरले नव्हते.

त्याच वर्षांत त्याच शहरात दुसरं काय उगवत होतं याकडे पाहिलं की कारण अधिक स्पष्ट होतं. पोर्तो रिकोचे हजारो लोक ईस्ट हार्लेम आणि साउथ ब्रॉन्क्समध्ये येत होते, आणि त्यांच्याकडे नाचायच्या रात्री होत्या. मंबोच्या त्या रात्रींना ज्यू तरुणतरुणीही लोटत. १९६० नंतर अमेरिकेनं क्युबाशी संबंध तोडले, हवानाहून येणारं नवं संगीत थांबलं, तेव्हा न्यूयॉर्कनं स्वतःचं घडवलं. १९६४ मध्ये डॉमिनिकन वादक जॉनी पाचेको आणि इटालियन वंशाचा वकील जेरी मसुच्ची यांनी फानिया ही तबकड्यांची कंपनी काढली. साल्सा हे नाव जगभर गेलं ते तिच्यामुळे. त्या कंपनीच्या आधारस्तंभांपैकी एक होता लॅरी हार्लो, ब्रुकलिनच्या ज्यू वादक कुटुंबातला पियानोवादक. लॅटिन श्रोते त्याला ‘अद्भुत ज्यू’ म्हणून लाडानं हाक मारत. क्लेझमरच्या घरात जन्मला असता तर कदाचित तो बुल्गार वाजवत राहिला असता. तो गेला तिथे, जिथे लोक अजून नाचत होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्सच्या सेज्विक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत एका मुलीनं शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला छोटी पार्टी ठेवली आणि तिच्या भावानं, किंग्स्टनहून लहानपणी आलेल्या डीजे कूल हर्कनं, जमैकातल्या गल्लीबोळांच्या ध्वनियंत्रणेची आठवण ठेवून तबकड्या वाजवल्या. हिप-हॉपचा जन्म लोक तिथून मोजतात. त्या रात्री कोणी परंपरा वाचवायला निघालं नव्हतं.

इथे एक आक्षेप मला गांभीर्यानं घ्यावासा वाटतो. सगळंच मिसळलेलं, सगळंच शहरात घडलेलं असेल, तर मग हरवतं काय? का हळहळायचं? हरवतं, आणि पुष्कळ हरवतं. व्हायोलिनवरचे ते बारीक अलंकार, पंगतीत ऐकायचं ते संथ वादन, नवरीला बसवण्याचे सूर, हे परत कानांवर पडायला कोणीतरी ते आधी टिपून ठेवावं लागतं. कीवचा मोइसेइ बेरेगोव्स्की गावोगाव हिंडून मेणाच्या नळकांड्यांवर हे संगीत साठवत होता. १९५० मध्ये स्टालिनच्या राजवटीनं त्याला पकडून छावणीत धाडलं. त्याचा संग्रह नष्ट झाला असं सगळ्यांनी धरलं होतं, तो १९९० च्या दशकात कीवच्या ग्रंथालयात सापडला. या माणसापुढे नतमस्तक व्हावं. पुनरुज्जीवनाची पिढीही संग्रहांच्या आधारावरच उभी राहिली. हेन्री सपोझनिक हा तरुण नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात टॉमी जॅरेल या वृद्ध वादकाकडे बॅन्जो शिकायला जात असे, आणि जॅरेलनं त्याला विचारलं, तुमच्या लोकांना स्वतःचं संगीत नाही का. सपोझनिक न्यूयॉर्कला परतून जुन्या तबकड्यांच्या मागे लागला. त्या तबकड्या नसत्या तर प्रश्नाला उत्तरच नव्हतं.

संग्रह म्हणजे बियाणं, याबद्दल माझी शंका नाही. पण ते पेरायला वावर लागतं, आणि वावराकडे आपलं लक्ष नसतं. सपोझनिकनंच हे ओळखलं, म्हणून १९८५ मध्ये त्यानं सुरू केलेल्या क्लेझकॅम्प या वार्षिक शिबिरात वादनाबरोबर यिडिश भाषा आणि नाच शिकवला जाई. तोवर अशी परिस्थिती होती की ताफे उत्तम वाजवत आणि समोरचे लोक खुर्चीत बसून टाळ्या देत, कारण त्या संगीतावर पाय कसे टाकायचे हेच कोणाला येत नव्हतं. लग्नाचं संगीत मैफलीचं झालं. त्यानं उत्तम मैफली दिल्या, हे मी नाकारत नाही. १९८६ मध्ये ईस्ट व्हिलेजमध्ये सुरू झालेल्या क्लेझमॅटिक्स या ताफ्यानं वुडी गथ्री या अमेरिकी लोकगायकाच्या अप्रकाशित शब्दांना चाली लावल्या आणि २००७ मध्ये ग्रॅमी मिळवलं. गथ्रीची सासू अलिझा ग्रीनब्लॅट ही यिडिश कवयित्री होती आणि तो कोनी आयलंडच्या ज्यू वस्तीत राहायचा, त्यामुळे तिथे काही ओढूनताणून आणलेलं नव्हतं. डॉन बायरन हा कृष्णवर्णीय क्लॅरिनेटवादक क्लेझमर इतक्या हक्कानं वाजवतो की वंशाच्या आधारे मालकी सांगणाऱ्यांचं तोंड बंद व्हावं.

पण ब्रुकलिनच्या बरो पार्क किंवा विल्यम्सबर्गमध्ये, हसिदी ज्यूंच्या वस्तीत, आजही रात्री उशिरापर्यंत लग्नं होतात, घरी यिडिश बोललं जातं, पुरुष पुरुषांत आणि बायका बायकांत तासन्‌तास नाचतात. वाजवायला इलेक्ट्रिक कीबोर्ड, गिटार, ड्रम. चाली पुष्कळशा नव्या. पुनरुज्जीवनवाद्यांना हे ऐकवत नाही. जुनं क्लेझमर आवडणारा माणूस या कर्कश ध्वनिवर्धकांपासून लांब पळतो. मला मात्र वाटतं की परंपरेचा अर्धा, आणि अधिक अवघड असा अर्धा, भाग यांच्याकडे आहे. एकाकडे सूर आहेत, मांडव नाही. दुसऱ्याकडे मांडव आहे, जुने सूर नाहीत. दोघांमध्ये दोन-चार मैलांचं अंतर आहे, आणि स्टॅटमनसारखे फार थोडे त्यावरून ये-जा करतात.

हीच फाळणी क्वीन्समध्ये ताज्या रूपात दिसते. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तानातून बुखारी ज्यू मोठ्या संख्येनं फॉरेस्ट हिल्स आणि रेगो पार्क इथे आले. १०८ क्रमांकाच्या रस्त्याला आता ‘बुखारी ब्रॉडवे’ म्हणतात. त्यांच्याबरोबर शशमकाम आलं, बुखाऱ्याच्या अमीरांच्या दरबारातली सहा मकामांची भारदस्त गायकी. ती दरबारात गाणाऱ्यांत ज्यू गायकांचा मोठा वाटा होता. १९९२ मध्ये आलेले इल्यास मालायेव ताश्कंदमध्ये नावाजलेले गायक आणि कवी होते. विद्वानांनी, संस्थांनी त्यांची कदर केली. पण समाजाच्या मेजवानीत तरुणांना ठेका धरायला लावणारं नवं संगीत हवं असे. हे नाराजीनं सांगण्यासारखं नाही. उलट, तिथे मेजवान्या आहेत, प्रत्येक समारंभाला वाजंत्री लागतात आणि त्यांना पैसे मिळतात, हीच शशमकामची खरी आशा आहे. नाचाच्या आधी, जेवण वाढलं जात असताना, एक मकाम ऐकायची रीत टिकली तर ती गायकी टिकेल. महोत्सवात वर्षातून एकदा सन्मानानं गायल्यानं टिकणार नाही.

म्हणून शहराच्या कारभाऱ्यांना, अनुदान देणाऱ्यांना आणि आपल्यासारख्या हळहळणाऱ्यांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे संगीत वाजायला जागा कुठे आहे? न्यूयॉर्कनं १९२६ मध्ये कॅबरे कायदा केला. खास परवान्याशिवाय खाण्यापिण्याच्या जागेत नाचायला बंदी. पुढे कित्येक वर्षं, परवाना नसेल तिथे तीनपेक्षा जास्त वादक बसवता येत नसत, आणि फुंकवाद्यं नि तालवाद्यं तर नकोतच. वादकांवरची आणि वाद्यांवरची ही बंधनं न्यायालयात टिकली नाहीत आणि १९८८ पर्यंत गेली. नाचाची बंदी २०१७ मध्ये उठली. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, कोंगा, ढोल, स्थलांतरितांची जवळजवळ सगळी वाद्यं यात सापडतात. ज्या शहरानं या संगीतावर इतकी पुस्तकं लिहिली, संग्रहालयं उभारली, त्यानं नव्वद वर्षं नाचायच्या जागेवर पहारा ठेवला. आता पहारा उठला तर भाडी गगनाला भिडली आहेत.

मुंबईतही जागेचं हेच झालं. गिरणगावात चाळीचं पटांगण आणि गल्लीचा कोपरा होता तोवर दशावतार, नमन, भजनी मंडळांच्या बाऱ्या, शाहिरी यांना मुंबई हे हक्काचं रंगपीठ होतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, माणसं विरार आणि डोंबिवलीपलीकडे पांगली, चाळींच्या जागी मनोरे आले. त्या मनोऱ्यांच्या नकाशात व्यायामशाळा असते, पोहण्याचा तलाव असतो. रात्रभर चालणाऱ्या खेळासाठी राखलेली मोकळी जागा त्यात नसते, आणि पुनर्विकासाच्या मंजुरीत ती सक्तीची करा अशी मागणी लोककला वाचवा म्हणणाऱ्यांपैकी कोणी लावून धरल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. ती करायला हवी. जुन्या कलावंतांच्या ध्वनिफिती जपायला आपण जितके पैसे मागतो, तितकेच या जागेसाठी आणि त्या कलावंतानं आठवड्यातून दोनदा तिथे येऊन पोरांना शिकवावं यासाठी मागायला हवेत.